अंधारबनची वाट आणि मुळशीचं पाणी

श्रोतेहो, या मालिकेत आपण बहुतेक वेळा ग्रंथांवर बोलतो. आज एका पायवाटेवर बोलायचं आहे. मुळशी तालुक्यातल्या पिंपरी गावाच्या तलावापासून निघायचं, अंधारबन नावाच्या जंगलातून चालत जायचं, हिरडी गावाची मोकळी सपाटी ओलांडायची आणि कोकणात भिऱ्याच्या तलावापाशी उतरायचं. अंतर साधारण १३ किलोमीटर. चढ जवळपास नाहीच, सगळा उतार. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसांनाही झेपतं. गुडघे मात्र पुढे दोन दिवस बोलत राहतात. आम्ही ही वाट अनेक वर्षांत अनेकदा चाललो आहोत, आणि दर वेळी एकच प्रश्न घेऊन घरी आलो आहोत. हे जे आपण बघून आलो, त्याला ‘निसर्ग’ म्हणायचं की ‘इतिहास’?

प्रश्न शाब्दिक वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असले प्रश्न सुचायचेच, असंही कुणी म्हणेल. पण थोडं थांबा. त्या वाटेवर आज जो माणूस गुरं घेऊन जातो आणि जो माणूस शहरातून पाठीवर सॅक लावून येतो, त्या दोघांपैकी कुणाचा तिथे काय हक्क आहे, हे शेवटी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

हा परिसर आज ताम्हिणी वन्यजीव अभयारण्यात मोडतो. राज्य सरकारनं २०१३ साली ते जाहीर केलं. क्षेत्र साधारण ५० चौरस किलोमीटर, पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. शेकरू, भेकर, बिबट्या, धनेश हे इथले रहिवासी. अंधारबन हे नाव अगदी रास्त आहे. हिरडा, अंजनी, जांभूळ, पिसा अशी सदाहरित आणि निमसदाहरित झाडं एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून उभी आहेत. गारंबीच्या वेली मांडीएवढ्या जाड. भर दुपारी खाली संध्याकाळ असते. पावसाचं तर विचारू नका. २०२४ च्या जुलैत ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलीमीटरच्या वर पाऊस झाला, पुणे शहराला सबंध पावसाळ्यात पडतो त्याच्या जवळपास. अलीकडे अपघात वाढल्यामुळे वन खातं पावसाळ्यात ही वाट काही काळ बंद ठेवतं. ते योग्यच आहे. या वाटेवर जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जावं, असं आमचं मत.

तरुण मंडळी बरोबर असली की त्यांच्या तोंडून एक शब्द हमखास येतो: ‘व्हर्जिन फॉरेस्ट’. माणसाचा हात न लागलेलं रान. इथेच आपला इतिहास सुरू होतो, कारण माणसाचे हात आणि पाय न लागलेली जागा या रानात शोधूनही सापडायची नाही.

पायांपासून सुरुवात करू. घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या ज्या डझनावारी वाटा सह्याद्रीत आहेत, त्यांतलीच ही एक. खाली कुंडलिकेचं खोरं, पुढे रोहा, आणि नदी समुद्राला मिळते तिथे रेवदंडा-चौल. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीपासूनचं बंदर. त्या बंदरातून माल वर यायचा तो या घाटांनी. जवळच्याच डोंगरात, सुधागडच्या परिसरात, ठाणाळे आणि खडसांबळे इथे बौद्ध लेणी आहेत. लेणी रानात एकटी पडलेली दिसतात, पण त्या काळी ती रहदारीच्या वाटेवर होती. भिक्षूंना भिक्षा हवी आणि व्यापाऱ्यांना मुक्काम हवा. पुढे घनगड, कोरीगड, सुधागड हे किल्ले याच वाटांवर नजर ठेवायला बांधले गेले. वरचा मुलूख पौड मावळ आणि कोरबारसे मावळ. शिवकाळात इथल्या मावळ्यानं काय केलं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तो मावळा तलवार खाली ठेवल्यावर काय करत होता, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

तो भात लावत होता. आणि त्याच्या भाताचा या जंगलाशी फार घट्ट संबंध होता. राब ही पद्धत तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. भाताचं रोप जिथे टाकायचं, ती जमीन उन्हाळ्यात भाजून घेतात. भाजायला काय लागतं? शेण, पालापाचोळा, गवत आणि झाडांचे टहाळ. ऐन, किंजळ अशा झाडांवर चढून फांद्या छाटायच्या, वाळवायच्या, थराथरानं रचायच्या, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचं. तण मरतं, राखेचं खत मिळतं. म्हणजे खाचरातल्या आंबेमोहराचं मूळ डोंगरावरच्या ऐनाच्या फांदीत होतं. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं, मग जमीन टाकून द्यायची, झुडूप वाढू द्यायचं. ब्रिटिश वनाधिकाऱ्यांना हे सगळं उधळेपणाचं वाटलं. जंगल राखीव करून त्यांनी टहाळ तोडण्यावर बंधनं घातली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राबावरून मुंबई इलाख्यात मोठा वाद झाला. राबाला जळलेल्या टहाळाचा हिशेब खात्यानं काटेकोर मांडला. जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरांना तोडलेल्या सागाच्या बाबतीत तेवढा काटेकोरपणा दिसत नाही.

मग आज एवढं दाट रान उरलं कसं? एक उत्तर उतार हे आहे. काही जागा इतक्या अवघड की कुऱ्हाड पोचलीच नाही. दुसरं उत्तर देवराई. मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात गावोगाव देवाच्या नावानं राखलेली रानं आहेत. ताम्हिणीच्या विंझाईचं देऊळ रस्त्यावरून जाताना तुम्ही पाहिलं असेल. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, देव कोपतो. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी या भागात फिरून देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे आपल्या विद्यापीठांना कळलं की ज्याला आपण अंधश्रद्धा म्हणत होतो त्या बंदीमुळे कित्येक झाडं टिकली आहेत. आम्ही स्वतः देव मानणारे नाही. पण बंदी कुणी घातली आणि ती कुणी पाळली, याचा विचार करताना आम्हांला देवराईची बंदी सर्वांत कमी खर्चिक वाटते. तिला पहारेकरी लागत नव्हता, आणि ज्यांनी ती घातली तेच ती पाळत होते.

आता पाण्याकडे येऊ. व्याख्यानाचा खरा विषय हाच आहे.

भिऱ्याच्या तलावात जे पाणी आपल्याला दिसतं, ते बव्हंशी कोकणातलं नाही. ते वरून, मुळशीच्या धरणातून आलेलं आहे. नीला आणि मुळा या दोन नद्यांच्या खोऱ्यात टाटांनी धरण बांधलं. लांबी जवळपास दीड किलोमीटर. या नद्यांचा स्वाभाविक उतार पूर्वेकडे. मुळा पुण्याला येते, मुठेला मिळते, मग भीमा, पंढरपूर, पुढे कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरणानं हे पाणी अडवलं आणि उलट पश्चिमेला वळवलं. बोगद्यातून ते कड्याच्या काठापर्यंत नेलं, आणि तिथून लोखंडी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. जे पाणी चंद्रभागेला जायचं ते रेवदंड्याला जाऊ लागलं. अंधारबनची वाट आणि हे नळ जवळजवळ एकाच कड्यावरून, थोड्या अंतरानं खाली उतरतात. आपल्याला पाच-सहा तास लागतात. पाणी क्षणात पोचतं.

त्या काळच्या मुंबईची गरज खरी होती, हे आधी मान्य करू. गिरण्या कोळशावर चालत, कोळसा दुरून यायचा आणि धुरानं शहर काळवंडलं होतं. १९१५ साली खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, १९२२ साली भिवपुरीचं. १९२५ च्या फेब्रुवारीत व्हीटी ते कुर्ला विजेवरची रेल्वे धावली. स्वदेशी भांडवल, स्वदेशी उद्योग, स्वच्छ वीज. राष्ट्रवादी माणसानं अभिमान बाळगावा असं हे सगळं होतं. म्हणूनच मुळशीचा पेच अवघड आहे. समोरच्या बाजूला केवळ परकी सरकार असतं तर बाजू ठरवणं सोपं गेलं असतं. इथे परक्या सरकारच्या कायद्याचा हात धरून एक देशी कंपनी उभी होती.

कायदा १८९४ चा, भूसंपादनाचा. ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी सरकार कुणाचीही जमीन घेऊ शकतं, आणि कंपनीसाठीही घेऊ शकतं, असं तो सांगायचा. खोऱ्यातली ५० हून अधिक गावं आणि सुमारे ११ हजार माणसं धरणानं बाधित होणार होती. पहिलं महायुद्ध संपल्यावर कंपनीची माणसं खोऱ्यात आली, शेतात खड्डे खणू लागली. शेतकऱ्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी खोऱ्यातले मावळे आणि पुण्याहून आलेले कार्यकर्ते धरणाच्या जागेवर गेले आणि काम थांबवून बसले. बायाही होत्या. नेतृत्व पांडुरंग महादेव बापटांचं. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना लोकांनी इथेच दिली. बरोबर विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याच वर्षी या लढ्याची दखल घेतली. महिन्याभरानं तडजोड होऊन काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि डिसेंबरात लढाही पुन्हा उभा राहिला. तुरुंगवास झाले, दंड झाले, १९२४ पर्यंत हे चाललं. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक त्याचा उल्लेख करतात. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे राजेंद्र व्होरा यांनी त्यावर जे काम केलं, ते मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकरूपानं आहे. ते जरूर वाचा, कारण ते लढ्याची आरती ओवाळत नाही.

व्होरांनी दाखवलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. खोऱ्यातली बरीच जमीन तोवर मावळ्यांच्या हातात पुरती राहिलीच नव्हती. ती पुण्याच्या सावकारांकडे गहाण होती किंवा त्यांच्या नावावर गेली होती. मावळा आपल्याच बापाच्या खाचरात कूळ म्हणून राबत होता. नुकसानभरपाई कागदावर ज्याचं नाव त्याला मिळते. आकडा बरा आहे असं दिसल्यावर सावकारवर्गाचा विरोध विरघळत गेला. आणि पुण्यातल्या नेतृत्वाचे या वर्गाशी जवळचे संबंध असल्यामुळे तिथला जोरही ओसरला. एकाच जमिनीचे दोन अर्थ होते. सावकाराला ती रक्कम होती, तिचं रूपांतर दुसऱ्या रकमेत होऊ शकत होतं. कुळासाठी तिचं रूपांतर कशातच होऊ शकत नव्हतं, कारण त्याच्याकडे सातबाराऐवजी फक्त राबण्याची सवय होती. सार्वजनिक प्रयोजनाचा कायदा यांतल्या पहिल्या अर्थालाच ओळखत होता.

बापटांबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा माणूस मोहात पाडतो. एडिंबरोला शिकायला गेलेले, पॅरिसमध्ये बाँब बनवण्याची विद्या शिकून आलेले, आणि उत्तरायुष्यात अरविंदांच्या ‘लाइफ डिव्हाइन’चं मराठी भाषांतर करणारे. गांधीजींची अहिंसा त्यांना जशीच्या तशी मान्य नव्हती. आपल्या मार्गाला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत, आणि ती शुद्धी हेतूत आणि शिक्षा उघडपणे भोगण्यात आहे असं मानत. १९२४ च्या अखेरीस, लढा जवळजवळ संपलेला असताना, त्यांनी थोड्या साथीदारांनिशी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्यात शस्त्रं होती, माणसं जखमी झाली. ७ वर्षांची शिक्षा झाली, १९३१ साली सुटले. त्या कृतीनं एक इंचही जमीन वाचली नाही, आणि गाडीत होते तेही पोटासाठी आलेले मजूरच. आम्हांला बापटांविषयी अपार आदर आहे, पण या कृतीचं समर्थन आमच्याच्यानं होत नाही. ज्याच्यावर दगड येतो त्याला तुमच्या हेतूची शुद्धी दिसत नसते.

खाचरं पाण्याखाली गेली. माणसं कुठे गेली? काही देशावर गेली, काही मुंबई-पुण्याला हमालीला आणि गिरण्यांत. ज्या गिरण्या त्यांच्या पाण्यावर चालत होत्या त्यांतच काही लागले असतील तर नवल नाही. पण पुष्कळ जण कुठेच गेले नाहीत. ते तलावाच्या काठानं वर सरकले, उताराच्या हलक्या जमिनीवर. खालचं भात गेलं की वरच्या वरकसावर आणि रानावर भार वाढणारच. पुढे पानशेत भागात हीच साखळी झाल्याचं गाडगीळांनी लिहिलं आहे: धरण येतं, सोबत रस्ता येतो, रस्त्यानं कोळशाचा कंत्राटदार येतो, आणि जमीन गेलेला माणूस आपली झाडं मातीमोलानं विकून टाकतो. सह्याद्रीच्या रानात चालताना मधेच एखादा सपाट गोल आणि काळी भुसभुशीत माती दिसली तर ओळखा, तिथे कोळशाची भट्टी होती. त्या मातीवरही आता कारवी उभी आहे. सात वर्षांनी फुलते आणि मरते. तिच्याकडून कुणाचा हिशेब मागता येत नाही.

हे सगळं डोक्यात ठेवून अंधारबनातून चाललं की झाडं वेगळी दिसू लागतात. हा हिरडा उगवला तेव्हा इथून मीठ आणि सुकी मासळी वर जात होती. त्या ऐनाचं खोड तिथे गाठाळ आहे, कारण पन्नास पावसाळ्यांपूर्वी तिथे टहाळ छाटले जात. कातकरी या रानात खैराचा कात पाडत, म्हणून त्यांचं ते नाव. गवळी धनगरांच्या म्हशी इथल्या पाणवठ्यांवर बसत. या साऱ्यांना वगळून जे उरतं त्याला आपण ‘अस्पर्श’ म्हणतो, आणि वगळलं कुणी हे विसरून जातो.

गैरसमज नको. अभयारण्य झालं हे फार चांगलं झालं. मुळशीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेकड्या कशा कापल्या जात आहेत, बंगल्यांच्या वसाहती कशा चढत चालल्या आहेत, ते तुम्ही दर रविवारी बघता. ‘मुळशी पॅटर्न’ हे नाव सिनेमामुळे घरोघरी पोचलं, पण जमिनीचा पैसा आला आणि जमीन गेली ही गोष्ट या तालुक्याला १९२१ पासून तोंडपाठ आहे. अभयारण्याची हद्द आखली नसती तर अंधारबनच्या तोंडाशी आज काय उभं असतं, याची कल्पना करवत नाही.

पण वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदासुद्धा सार्वजनिक हितासाठीच एक रेघ आखतो, आणि रेघेच्या आत राहणाऱ्याला विचारतो, तुझा हक्क दाखव. हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यानं करायची असते. कागद असलेल्याला ती सोपी जाते. कातकऱ्याकडे कागद नाही, धनगराकडे नाही, आणि तलावाच्या काठानं वर सरकलेल्या धरणग्रस्ताकडे तर नाहीच. शंभर वर्षं झाली तरी काठावरच्या कित्येक वाड्यांचा गावठाणाचा प्रश्न लोंबकळत आहे. २००६ चा वनहक्क कायदा या बिनकागदी माणसासाठी केला गेला. आणखी एक योगायोग बघा. ज्या २०१३ साली हे अभयारण्य जाहीर झालं, त्याच वर्षी १८९४ चा भूसंपादन कायदा संसदेनं मोडीत काढला. नव्या कायद्यानुसार खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी. आणि कूळ, शेतमजूर यांनाही बाधित मानलं आहे. रामनवमीला धरणाच्या जागेवर बसलेली माणसं याहून फार वेगळं काही मागत नव्हती. कागदावर यायला ९२ वर्षं लागली.

भिऱ्याच्या काठावर उतरल्यावर मंडळी बूट काढून पाय सोडून बसतात, आणि विचारतात की पाणी इतकं वर-खाली का होतं. मुंबईची विजेची मागणी वाढली की वरून जास्त पाणी सुटतं, म्हणून. सकाळी सोडलेलं पाणी कुंडलिकेतून कोलाडकडे जातं, त्यावर राफ्टिंगचा धंदा चालतो. दिवाळीनंतर नदी आटायला हवी तेव्हाही ती भरून वाहते. तिच्या काठच्या गावांना आता याच पाण्याची सवय झाली आहे. इकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड म्हणतात, हे पाणी मुळात आमच्या बाजूचं, ते आम्हांला परत द्या. सार्वजनिक प्रयोजन पुन्हा एकदा दोन्ही बाजूंनी उच्चारलं जात आहे. त्या चर्चेत मुळशीच्या काठावरच्या वाड्यांना कोण बोलावतं, याकडे आमचं लक्ष आहे. उन्हाळ्यात त्यांतल्या काही वाड्यांना समोर एवढा तलाव असून टँकरची वाट बघावी लागते.

वाटेबद्दल आणि लढ्याबद्दल प्रश्न असतील तर आता घेऊ.